पाचवं नाव

विजेच्या बिलामागे चार नावं लिहून झाली,
पाचव्याशी पेन अडलं.
कूलरची टाकी कोरडी, खसाचा वास तेवढा उरलाय.
मे महिना, मानेवाडा, रात्रीचे साडेअकरा
आणि उद्या सहाला मानकापूरला पुण्याची टीम.

कोच म्हणजे काठावरून ओरडणारा माणूस, असं शेजाऱ्यांना वाटतं.
मी रोज संध्याकाळी बारा जणांतल्या सात जणांना
नाही म्हणतो,
शक्यतो बुटांच्या नाड्यांकडे बघत.

चार नावं सोपी होती.
इर्शाद, मोमिनपुऱ्याचा. चेंडू त्याच्या तळव्याला पाळलेला.
ॲलन पीटर, अजनी रेल्वे कॉलनी,
धक्का खायला पुढे, जेवायला सगळ्यात मागे.
नंदनवार, डाव्या कोपऱ्यातून डोळे मिटून टाकेल,
उजव्या कोपऱ्यात मात्र नव्या जावयासारखा उभा.
आणि रेवनाथ उईके, भामरागडचा,
त्याच्यावर फाउल झाला तरी माफी तोच मागतो.
दोन वर्षांत माझ्याशी बोललेली त्याची वाक्यं
या बिलावर मावतील, थकबाकीच्या रकान्यात.

पाचवा क्षितिज ठवकर.
सामन्याला बावीस गुण, बर्डीच्या चौकात फोटो,
आमच्या संत्रा-बर्फीवाल्या मालकाचा लाडका.
यात विचार तो काय करायचा?

पण तक्षशीला वासनिक वही घेऊन आली होती.
पोरगी एम.एस्सी., सावकाराच्या वरचा हिशोब.
"सर, हे चौघं आणि क्षितिज, उणे नऊ.
हे चौघं आणि भोजूदादा, अधिक चौदा."
मी म्हटलं, भोजराज? छत्तीस वर्षांचा?
त्याच्या उडीखालून पोस्टकार्डही जात नाही, बाई!
ती म्हणाली, "आकडा सांगून मोकळा होतो सर,
कारण तुम्ही शोधा."

म्हणून तीन रात्री जुने सामने पाहिले,
चेंडूकडे न बघता, फक्त भोजराजकडे.
तो काही करत नाही.
उभा राहतो, पट्टी बांधलेला गुडघा जरा वाकवून,
आणि तो जिथे उभा, तिथून इर्शादची वाट सुटते.
तिसऱ्या रात्री आवाज वाढवला
आणि ऐकू आला रेवनाथ.
ओरडत होता! मागून, माडियात,
डावीकडे, उजवीकडे, सोड, धर, जे काय असेल ते,
आणि भोजराज वळत होता, मान न वळवता.

आज सकाळी तर्री-पोह्याच्या गाडीवर विचारलं.
"म्या काय केलं सर?
बसमध्ये बाजूला बसते तो. पाच-सा शब्द इचारून घेतले.
मंग बोलाले लागला."

चौदा गुण. पाच-सहा शब्दांचे.
कोणत्या रकान्यात लिहू हे?

अठ्ठ्याऐंशीत भिलाईला मी बाकावर होतो,
नाड्या दोनदा गाठ मारून, पूर्ण चाळीस मिनिटं.
कोचनं कारण सांगितलं नव्हतं.
ते कारण मी अजून अधूनमधून शोधतो,
दाढी करताना वगैरे.

पेन उचललं. भोजराज देवतळे.
मग कागद उलटून, युनिट आणि दंडाच्या खाली, दुसरे पाच:
त्यांचे पाय जड झाले की नंदनवार बाहेर, क्षितिज आत,
भोजराज तसाच.
ॲलनचे तीन फाउल झाले तर?
तर देव आहे, नाहीतर बाकावरचा धाकटा शेंडे.

क्षितिजला मेसेज केला, कारणासकट, लांबलचक.
दोन निळ्या खुणा उमटल्या.
मी बादली भरली, टाकीत ओतली,
दुसरी भरली.
बारा दहाला उत्तर आलं:
"सर, आई येतेय उद्या वर्ध्याहून. पहिल्यांदाच.
तिला काय सांगू?"

ओल्या अंगठ्यानं लिहिलं, दोनदा पुसलं, मग पाठवलं:
दुसऱ्या क्वार्टरच्या चौथ्या मिनिटाला
पाणी प्यायला उठू नका म्हणावं.